हयात आणि मयत

शुक्रवार, ता. ९

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. आम्ही ठीक. आईचा गुडघा आता तिचं ऐकतो, ती मात्र कोणाचंच ऐकत नाही. वहिनीला सांग, स्वेटर अगदी मापात बसला.

मी काउंटरप्रमुख झाल्याचं तुला आईकडून कळलं. तू कौतुक केलंस आणि "स्वतः का नाही कळवलंस?" असंही विचारलंस. कामाच्या गडबडीत राहून गेलं, असं लिहिणार होते. पण तुझ्याशी खोटं बोलवत नाही.

आमच्या सरकारी कार्यालयात डबे उघडले की पाच भाषा कानांवर पडतात. शेजारच्या टेबलावरची मुलगी परभाषक, नोकरीत अजून कायम नाही. ती 'माझा खुर्ची' म्हणाली, तेव्हापासून सगळे तिला 'माझा-खुर्ची'च म्हणतात. मराठी तिला मीच शिकवते. गेल्या महिन्यात ती जेवायला गेली असताना, माझा संगणक बंद होता म्हणून तिच्या संगणकावर, तिच्याच नावाने, मी औषधकार्डांच्या नोंदी केल्या. गप्पा मारत मारत. एका आजोबांच्या नावापुढे 'हयात'ऐवजी 'मयत' पडलं.

वीस दिवस त्यांना दवाखान्यातून हृदयाच्या गोळ्या मिळाल्या नाहीत. शेवटी स्वतःच आले. "मी गेलोय म्हणे. मग मृत्यूचा दाखला तरी द्या." सगळे हसले. ते भिंतीला धरून उभे होते.

साहेब म्हणाले, "ज्यांना भाषाच येत नाही, त्यांच्याकडून दुसरं काय होणार?" माझ्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. मी समोरची फाइल चाळत बसले. आणि ती काय म्हणाली ठाऊक आहे? "माझा चूक असेल, सर. ते दोन शब्द मला सारखे दिसते."

तिला खाली जुन्या फायलींच्या खोलीत धाडलं. मला 'अचूक कामाबद्दल' बढती.

काल ती अभिनंदन करायला वर आली. वही उघडून म्हणाली, "ताई, हयात आणि मयत नीट समजावा ना. परत नको व्हायला." दादा, मी समजावलं. उदाहरणं देऊन समजावलं. लाज वाटते रे, स्वतःची किळस येते.

तिला कायम करू नये, अशा कागदावर सोमवारी संध्याकाळी सही होणार आहे. त्याआधी साहेबांना खरं सांगायचं ठरवलंय. परवाही ठरवलं होतं. त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आले. म्हणून तुला लिहितेय, आजच स्पीड पोस्टाने धाडते. सोमवारी दुपारी फोन कर. इकडचं तिकडचं काही बोलू नकोस, "सांगितलंस का?" एवढंच विचार.

जिचं तू कौतुक केलंस ती नव्हे,
तुझी धाकटी