बॉनेटच्या आत हिरवा रंग

१७ ऑगस्ट १९७५, रविवार
गाडीच्या बॉनेटखालची आतली बाजू स्वतः रंगवली. हिरवा रंग, दोन हात. वाटेत आलेली प्रत्येक वायर सोडली, तिच्याखालचा पत्रा रंगवला, रंग वाळल्यावर वायर परत स्क्रूने आवळली. काम करावं तर असं. गाडी अठ्ठेचाळीस सालची, पण आतून आता नवीकोरी. वृंदा म्हणाली, आत कोण बघणार आहे? मी म्हणालो, मी.
अर्धा डबा रंग उरला.

१९ ऑगस्ट, मंगळवार
गार्डन रीचला ऑफिसला जाताना ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर लागत होता. हॉर्न दाबला की हेडलाइट मंद. वायरिंग जुनं झालं. रंगवायला घेतलं म्हणून निदान लक्षात तरी आलं.

२४ ऑगस्ट, रविवार
मिस्त्री बोलवायचा नाही. वायरिंग हा तर्काचा विषय आहे. पुस्तक आणलं. करंट बॅटरीतून निघतो आणि वायरीने दिव्यापर्यंत जातो. तिथून गाडीच्या पत्र्यातून परत बॅटरीकडे येतो, असं पुढे एक प्रकरण आहे. ते फारच प्राथमिक वाटलं. सोडलं.

२८ ऑगस्ट, गुरुवार
तळमजल्यावरच्या श्यामकांतांना गाडी हवी आहे. वृंदाने त्यांना परस्पर विचारलंसुद्धा. मग मला अट घातली. यंदाचा गणपती कुमारटुलीच्या मूर्तिकाराकडून गाडीतून आला तर गाडी राहील. टॅक्सीतून आला तर गाडी श्यामकांतांची.
मी तिला सांगितलं, लग्नानंतर हावड्याहून याच गाडीतून तुला घरी आणलं. ती म्हणाली, बालीगंज फाडीच्या नाक्यापर्यंत. पुढे मी शालू सावरत चालत आले.
अट मान्य केली. अकरा दिवस आहेत. चार पुरे.

३१ ऑगस्ट, रविवार
सगळ्या वायरी बदलल्या. प्रत्येकीला नावाची चिठ्ठी बांधली. स्क्रू जिथल्या तिथे, हिरव्या रंगावर. आता हॉर्न दाबला की वायपर हलतो. प्रगती आहे. वायपर दोन वर्षं हलला नव्हता.

३ सप्टेंबर, बुधवार
नवी बॅटरी. तरीही किल्ली फिरवली की कधी सुरू, कधी नुसतं टक्. हवेत दमटपणा फार.
श्यामकांत येऊन टायर बोटाने दाबून गेले. म्हणाले, सहज. मला हा माणूस कधीच आवडला नव्हता.

७ सप्टेंबर, रविवार
पहिल्या झटक्यात सुरू! जवळच्या तळ्यापर्यंत जाऊन आलो. हॉर्न दाबला नाही, दिवे लावले नाहीत, ब्रेक बेताने. एकही दोष आढळला नाही. वृंदाला म्हणालो, उद्या चार वाजता तयार राहा. ती म्हणाली, उद्या हरतालिका आहे, मला उपास. मी म्हणालो, तुला काय, नुसतं बसायचंय.

८ सप्टेंबर, सोमवार. रात्री
अर्धी रजा काढली. कुमारटुलीपर्यंत उत्तम. गणपती वृंदाच्या मांडीवर, तोंडावर रुमाल.
परत निघालो आणि बागबाजारला इंजिन बंद पडलं. किल्ली फिरवली. टक्. मी म्हणालो, लोडशेडिंग. वृंदा म्हणाली, गाडीत?
तिला इतिहास सांगितला. मराठ्यांना अडवायला इंग्रजांनी इथूनच खंदक खणायला घेतला होता. ती म्हणाली, त्या मराठ्यांना अडवायला खंदक तरी लागला. तुम्ही आपले आपणच अडता.
मग तिने गणपती माझ्या शेजारच्या सीटवर बसवला, त्याच्या पोटावरून पिशवीतली जुनी ओढणी बांधली आणि उतरली. दिवसभर निर्जळी असलेल्या बायकोने गाडी ढकलली. मला स्टिअरिंग सोडता येत नव्हतं. रस्त्यातले दोघे बंगाली गृहस्थ मदतीला आले. त्यांनी आधी गणपतीला नमस्कार केला, मग गाडीला हात लावला.
कोपऱ्यावर हारान मिस्त्रींचं गॅरेज. त्यांनी बॉनेट उघडलं आणि हिरव्या रंगावरून बोट फिरवलं. मग विचारलं, ये रंग कौन किया? मी म्हणालो, पहिल्या मालकाने. वृंदा माझ्या नखांत राहिलेल्या हिरव्या रंगाकडे पाहत राहिली.
त्यांनी एकेक वायर सोडून खालचा रंग कानशीने खरवडला. म्हणाले, बाबू, रंग में से करेंट नहीं जाता. दहा मिनिटांचं काम. गाडी सुरू. ब्रेक दाबला, ब्रेकचाच दिवा लागला.
एकंदरीत माझ्या वायरी निर्दोष निघाल्या.

९ सप्टेंबर, मंगळवार. गणेश चतुर्थी
प्रतिष्ठापना झाली. श्यामकांत प्रसादाला आले. वृंदाने त्यांना सांगितलं, गणपती गाडीतूनच आला, गाडी राहिली. ते गेल्यावर मला गणपतीसमोर उभं केलं आणि शपथ घ्यायला लावली. बॉनेट पुन्हा उघडणार नाही. घेतली.

१० सप्टेंबर, बुधवार
शपथ बॉनेटची आहे. डिकीचा विषय निघाला नव्हता. आतून गंजली आहे.
संध्याकाळी रंगाचा डबा शोधला. सापडला नाही. वृंदा म्हणाली, डिकीतच होता, परवा गॅरेजमध्ये हारानबाबूंना दिला. ब्रशसुद्धा. ते घेत नव्हते, पण मी हिरवी नखं दाखवल्यावर घेतला.
कुणाची नखं, हे विचारलं नाही.