वात तडतडली

नवापूर, मंगळवार, दिवेलागण

आज चांगलीच फजिती झाली माझी, तरी बरं वाटतंय. बोईसरच्या कारखान्यात मी दिवसभर तेलंच तपासते, म्हणून सासूबाईंच्या डाव्या गुडघ्यासाठी निर्गुंडीचं तेल मीच कढवायला घेतलं. तिळाच्या तेलात पाल्याचा रस ओतला, थर्मामीटर धरला. आकडा शंभराच्या वर गेल्यावर "पाणी उडालं, झालं" म्हणून गॅस बंद केला.

सासूबाईंनी कापसाची वात तेलात बुडवून पेटवली. वात तडतडली.

"पाणी हाय अजून. टिकायचं नाय हे."

राग आला. थर्मामीटरचा की वातीचा? माझाच बहुतेक. तेल पुन्हा मंद आचेवर ठेवलं. तासाभराने वात पेटवली तर मुकाट जळली, आणि मीही मुकाट बाटली भरली.

मग त्यांचा गुडघा चोळत बसले. सूज काही लगेच उतरली नाही, पण त्यांनी डोळे मिटून घेतले. गुण निर्गुंडीचा की चोळण्याचा? हे कुठल्या मशीनवर तपासायचं?

"आई, बरं वाटतंय का?"

त्यांनी नुसता उजवा गुडघा पुढे केला. तो तर कधी दुखतच नाही.