दुधातली पूड आणि डॉक्टरांची गोळी

टूनगॅबी, सिडनी
१९ ऑगस्ट २०२१

तीर्थरूप सुहासिनीआत्यास,

मैथिलीचा इथूनच वाकून नमस्कार (सोफ्यावर बसल्या बसल्या वाकले आहे, पण पोचला असं समज). तुझी तब्येत कशी आहे असं विचारणार होते, पण रविवारी फोनवर लोणच्याची कृती सांगता सांगता तू मेथीपाशी थांबलीस आणि मग मी अकरा मिनिटं तुझं घोरणं ऐकत बसले, त्यामुळे थोडा अंदाज आहे. त्याच काळजीने लिहिते आहे. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. तुझ्या शेजारच्या विमलवहिनी याची प्रिंट काढून देतील, कागदाचं बोलणं मध्येच तोडता येत नाही.

माझं म्हणशील तर महिनाभर मी फार सुखाने तरंगत होते. लॉकडाऊनमध्ये झोप उडाली म्हणून डॉक्टरांनी फोनवरच चौकशी करून झोपेची गोळी लिहून दिली. शिवाय तू पाठवलेली अश्वगंधा-जटामांसीची पूड जायफळ घालून दुधातून, सासूबाईंची ब्राह्मी, आणि शेजारच्या चित्राने फाटकावर आणून ठेवलेल्या व्हॅलेरियन नावाच्या झोपेच्या मुळीच्या गोळ्या. (तिघींचाही रोज ‘घेतलंस ना?’ असा मेसेज यायचा, आणि खोटं बोलायची मला लाज वाटते.) सगळ्यांची मनं राखता राखता मी पाण्याखाली असल्यासारखी वावरू लागले. मागच्या अंगणात चादरी वाळत असायच्या, त्यांच्यातून ऊन हलायचं, ते बघत चहा गार व्हायचा. निनाद गॅरेजमध्ये ऑफिस मांडून बसलेला. तो जेवायला आत आला की वाटे, या गृहस्थांना कुठेतरी पाहिलंय. एकदा ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझी पाळी आली, तेव्हा मी सर्वांना मराठीतून पानावर बसून घ्यायची विनंती केली. बॉस म्हणाला, ‘‘नो वरीज.’’

दुपारी पार्कात जायचे. तिथे पांढरे काकाकुवे गवतात चरत असतात. एकदा बाकावर टेकले, आणि जाग आली तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या आणि एक काकाकुवा माझ्या बुटाची नाडी सोडवत होता. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी दुसरा बूट पुढे केला. पण पुढच्या आठवड्यात गाडी चालवताना सिग्नलला डोळा लागला. मागच्या ट्रकने हॉर्न दिला म्हणून हे पत्र लिहायला मी आहे.

त्यानंतर गोळ्या आणायला गेले. फार्मसीत अंजू असते (मूळची नाशिकची). आणखी काही औषधं घेतेस का, असं तिने रीतसर इंग्रजीत विचारलं. मी नाही म्हटलं, डॉक्टरांनाही तेच सांगितलं होतं. खोटं नव्हतं ते. औषध डॉक्टर देतात, पूड तू देतेस. तिने माझ्या डोळ्यांकडे नीट पाहिलं आणि मराठीत विचारलं, ‘‘रात्री दुधातून काय घेतेस?’’ मग मी जी सुरू झाले, ती मागची रांग फुटपाथपर्यंत गेली तरी थांबले नाही. ती म्हणाली, यातल्या बऱ्याच गोष्टी गुंगी आणतात, गोळीवर त्यांची भर पडते, तोल जातो, श्वाससुद्धा मंदावू शकतो. गाडी चालवायची नाही, आणि गोळीही आपल्या मनाने एकदम बंद करायची नाही. काउंटरवरूनच तिने डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी पुड्या थांबवल्या आणि गोळी हळूहळू कमी करत आणली. आता निनाद मला लगेच ओळखू येतो (यात त्याचा फायदा किती, हे तोच जाणे).

तुझी,
मैथिली

ता. क. पूड उत्तम होती. चूक माझ्या न सांगण्याची.

आणखी ता. क. काका गेल्यापासून तूही झोपेची गोळी घेतेस आणि मागच्या महिन्यात मोरीत पडलीस, हे विमलवहिनींनी सांगितलं. पूड तर तूच कुटतेस, म्हणजे ती तुझ्याही दुधात असणार. डॉक्टरांनी विचारल्यावर तू काय उत्तर दिलंस तेही मला माहीत आहे, मी तुझीच भाची. उद्या तो डबा आणि गोळ्यांचं पाकीट एकाच पिशवीत घालून त्यांच्यापुढे ठेव. दहा वाजता रिक्षा येईल, मी सांगून ठेवलं आहे. रागाव, पण रिक्षात बसून रागाव.

शेवटचं. काकांना मी स्क्रीनवर निरोप दिला, कारण सीमा बंद होत्या. त्या अजून बंद आहेत, आत्या. तुला तसं बघायची माझी तयारी नाही.