मेंढ्याची कातर आणि माझा खडा

औरंगाबाद, मोठा दवाखाना,
खिडकीजवळची खाट

तीर्थरूप दाजी त्रिंबकराव यांच्या पायांवर कडुबाचं डोकं.

तुमची तब्येत, कस्तुराताईचे गुडघे आणि आपली मेंढरं (याच क्रमानं विचारायचं असतं असं मोतीराम म्हणतो, नाहीतर मी मेंढरांपासून सुरुवात केली असती) सगळं ठीक असेल अशी आशा आहे. मीही उत्तम आहे. फक्त दवाखान्यात आहे. वाचून लगेच उठून येऊ नका. येण्यासारखं काही नाही, आणि पैठणची एस.टी. सध्या कधी सुटेल, कुठं अडेल, याचा भरवसा नाही. निजामाच्या शाळेत माझी तिसरी झाली तीही उर्दूतून, तेव्हा अक्षरं मधेच उलटी पळू लागली तर वळवून घ्या. मेंढरं वळवता तशी.

तुम्हाला माहीतच आहे, मी इथं नातवाचं जावळ काढायला आलो होतो. आपल्या पोराची, मोतीरामची खोली उस्मानपुऱ्यात एका चाळीत आहे. आठ बिऱ्हाडं, एक संडास आणि सगळे कंपनीवाले. कुणी चिकलठाण्याला जातो, कुणी वाळूजला. त्यांचं जेवण, झोप, भांडण, सगळं भोंग्यावर चालतं. अशा ठिकाणी माझ्या कुशीत कळ उठली. आधी डावीकडं, मग उजवीकडं, तळ हलवणाऱ्या कळपासारखी. मी म्हटलं, शहराचं पाणी असेल. मग (लाज वाटते, पण तुमच्यापासून काय लपवायचं) लघवीच बंद झाली. थेंब नाही. सुनेला सांगता येईना, मोतीराम डबल ड्युटीवर. मी आपला संडासात जाऊन उभा राहायचो आणि बाहेर रांग लागायची. “ओ बाबा, आमची शिफ्ट चुकती ना!” मी आतून म्हणायचो, झालं, झालं. झालेलं काहीच नसायचं. शेवटी एकानं दार इतकं वाजवलं की बिजागरी निघाली, आणि मी आत घामानं भिजून भिंतीला टेकलेला सापडलो. तेव्हा सगळ्या चाळीला कळलं. सुनेलाही.

नेमका त्या दिवशी बंद होता. विद्यापीठाच्या नामांतराचा. रिक्षा नाही, टांगा नाही. मोतीरामनं पालेभाजीवाल्याची हातगाडी आणली, तिच्यावर घोंगडी अंथरून मला आडवं केलं आणि निघाला. पुढच्या चौकात मोर्चा आला. निळे झेंडे, बायकापोरं, म्हातारी माणसं, नजर पोचेल तिथवर. मला वाटलं, आता आपण इथंच संपलो. पण मोर्चातल्या एकानं माझं तोंड पाहिलं आणि ओरडला, “गाडी मधी घ्या रे, दवाखान्याकडंच चाललोय आपण!” मग चार जणांनी गाडी धरली आणि मी मोर्चाच्या ऐन मध्यात आलो. ते ओरडत होते, “झालंच पाहिजे!” मलाही अगदी तेच म्हणायचं होतं, विषय वेगळा होता एवढंच. कळ आली की मीही ओरडायचो. बाजूची म्हातारी म्हणाली, “बाबाचा आवाज बघा कसा लागतो!” दवाखान्याच्या फाटकापाशी त्यांनी मला उतरवलं आणि ते पुढं गेले. त्यांचं काम माझ्याहून लांबचं होतं.

डॉक्टर तरुण आहे. मिशी अजून नीट बसलेली नाही (हे मला आवडलं नाही). त्यानं पोटाचा फोटो काढला आणि सांगितलं, मूत्रपिंडं दोन, त्यांच्यापासून खाली पिशवीकडं येणाऱ्या नळ्या दोन, आणि माझ्या दोन्ही नळ्यांत एकेक खडा अडकला आहे. वर लघवी तुंबून मूत्रपिंडं फुगली आहेत, खाली पिशवी कोरडी. म्हणजे धरण भरलेलं आणि कालव्यात धूळ. लवकर वाट केली नाही तर मूत्रपिंडं निकामी होतील आणि मग काही करता यायचं नाही, असं तो म्हणाला. इथवर मी शांत होतो. मग तो म्हणाला, “खालच्या वाटेनं आत जाऊ.” आणि थोड्या वेळानं एक माणूस ट्रे घेऊन आला. ट्रेमध्ये वस्तरा होता. वस्तऱ्याशेजारी कातर होती.

दाजी, तुम्हीच सांगा, मी काय समजायचं? खच्ची मेंढ्याला खडा अडकला की आपण काय करतो? तुम्ही त्याचं मुंडकं मांडीवर घेता, कानाशी तोंड नेऊन काहीबाही पुटपुटता, आणि मी पलीकडं बसून त्याच्या लघवीच्या टोकाला तो गांडुळासारखा दोरा असतो तो कातरीनं उडवतो. मेंढा एकदा उसळतो, मग धो धो मुततो आणि चरायला जातो. आजवर किती मेंढे वाचवले आपण! पण त्यातल्या एकालाही विचारलं नाही, बाबा, तुला हे चालंल का? तो ट्रेवाला मला विचारत होता, “आजोबा, धोतर सोडता का?” तेवढं विचारलं, पुढचं नाही.

मी घोंगडी उचलली आणि लघवीला जाऊन येतो म्हणून निघालो. (ज्याला लघवी होत नाही म्हणून आणलं, तो लघवीला निघाला, आणि कुणाला संशय आला नाही. यावरून इथली गर्दी ओळखा.) फाटकापर्यंत पोचलो तर समोरून मनकर्णाबाई. ही माझ्या शेजारच्या खाटेवरच्या बन्सीची बायको. बन्सी सिल्लोडकडचा, जिनिंगमध्ये कामाला. त्याचा खडा आदल्याच दिवशी कुशीतून काढला होता. बंदमुळं वाहन नाही, म्हणून ही बाई नातेवाइकाकडून डोक्यावर भाकरी आणि हातात पाण्याची कळशी घेऊन चालत आलेली. मोर्चातली माझी गाडी तिनं वाटेत पाहिली होती. मला पाहून म्हणाली, “कुठं निघालात घोंगडी घेऊन? मेंढरं सुटली का काय?” मी म्हटलं, घरी. ती म्हणाली, “चार माणसांनी मोर्चात गाडी ढकलून आणलं न्हवं तुम्हाला? त्यांचे हात काय फुकट दुखले? फिरा माघारी.” अशी बोलली की मी फिरलो. कस्तुराताई बोलते तशीच बोलली.

खाटेवर बसून मी बन्सीला सगळं सांगितलं. कातर, मेंढे, सगळं. तो हसला, मग टाके धरून कळवळला, मग पुन्हा हसला. “जय भीम डॉक्टरसाहेब, इकडं या जरा! ह्या बाबाला वाटतं तुम्ही त्याचा मेंढा करताय!” डॉक्टर आला. मला वाटलं, रागावेल. तो खाली बसला आणि विचारू लागला, मेंढ्याचा खडा नेमका कुठं अडकतो? मी म्हटलं, अगदी शेवटाला. तो म्हणाला, “मग बरोबर आहे तुमचं. पण तुमचे खडे वर अडकलेत. खालचं टोक कापून मला काय मिळणार?” दाजी, हे मला पटलं. तो माझ्यावर दया करील यावर माझा विश्वास नव्हता, पण फायदा नसताना कोण कशाला कापील? कातर मलमपट्टी कापायला होती म्हणे.

तर डावीकडचा खडा त्यानं बारीक नळीतून तारेची जाळी घालून ओढून काढला. ज्वारीच्या दाण्याएवढा! एवढ्याशा वस्तूनं माझ्यासारख्या माणसाला संडासात कोंडलं. मग जी लघवी सुरू झाली ती नळीतून बाटलीत, बाटली भरली, दुसरी आणली. सगळा वॉर्ड माना उंचावून बघत होता. बन्सी म्हणाला, “जायकवाडीचे दरवाजे उघडले!” मनकर्णाबाईच्या कळशीतलं पाणी मी त्या दिवसापासून पितोय, डॉक्टरनं भरपूर प्यायला सांगितलंय. बन्सीत आणि माझ्यात एक कळशी पुरत नाही.

आता राहिला उजवा. तो मोठा आहे आणि घट्ट बसला आहे, जाळीला दाद देत नाही. येत्या मंगळवारी सकाळी कुशीत कापून काढणार. तोवर त्या बाजूचं मूत्रपिंड फुगलेलंच राहील, म्हणून डॉक्टर घाई करतो आहे. बन्सी म्हणतो, “आमच्या विद्यापीठाच्या नावाला इतकी वर्षं लागली, अजून झालं नाय. तुमचं मंगळवारी होतंय, तरी तोंड वाकडं!” मी अंगठा न देता सही केली आहे. मला भीती वाटत नाही. मोतीरामला सुट्टी नाही, कंपनीत माल अडकला आहे, तोही येणार नाही. त्याची गरज नाही. नातवाचं जावळ पुढं ढकललं आहे. मेंढरांना मिठाचं पाणी द्या.

तुमच्या पायांशी कायम असलेला,
कडुबा

ता. क. घोंगडी मी घडी करून खाटेखाली ठेवली आहे. पळायला नव्हे. तिथं ती बरी राहते.

आणखी एक. मेंढ्याची गोष्ट गावात कुणाला सांगू नका. मोतीरामनं सुनेला सांगितली, सुनेनं चाळीला सांगितली, आता संडासाच्या रांगेत तीच चालते.

आणखी. काल फाटकापर्यंत एकदा जाऊन आलो. सहज. घोंगडी बरोबर होती. मनकर्णाबाई नव्हती, म्हणून मीच माघारी आलो. मंगळवारचं सांगता येत नाही.

शेवटचं. येऊ नका असं वर लिहिलं आहे ते खोडलं नाही, कारण कागद खराब होतो. एस.टी. चालू झाली आहे, मी कंडक्टरच्या मेव्हण्याला विचारलं, तो पलीकडच्या खाटेवर आहे. सोमवारी निघा. डॉक्टरला विचारून ठेवलं आहे, तो म्हणाला, भूल चढेपर्यंत एक माणूस डोक्याशी थांबला तर चालेल. तेव्हा माझं मुंडकं तुम्ही मांडीवर घ्या. इतकी वर्षं मी कातरीच्या बाजूला होतो, त्यामुळं तुम्ही मेंढ्याच्या कानात काय बोलत होता ते मला कधी ऐकू आलं नाही. पण तो ऐकायचा आणि पाय झाडायचं थांबवायचा, हे मी पाहिलं आहे. तेच बोला.