साबण, दोन नग

प्रिय धाकटे,

अक्षर ओळखून पाकीट फाडून टाकायच्या आधी एवढं वाच: तुझं सामान माझ्याकडे आहे. तेल, कांदे, चहाची पुडी, फरशी पुसायचं ते निळं औषध आणि साबण. अंडी मी खाल्ली, ती काही तुझा राग उतरेपर्यंत टिकली नसती. पावही संपला. बाकीचं पिशवीत भरून दाराशी ठेवलंय आणि रोज येता-जाता माझा पाय त्यात अडकतो.

शनिवारचं तुला माहीत आहे, पण एकदा माझ्या बाजूनंही ऐक. त्या स्वस्त दुकानात नेहमीप्रमाणे पाचातले दोनच काउंटर चालू होते. एकावर कुणी गृहस्थ सवलतीचं कुपन शोधत सगळे खिसे उलटे करत होते, म्हणून मला तुझ्यामागे उभं राहावं लागलं. हौस म्हणून नव्हे. तू मला पाहिलंस आणि उद्या परीक्षा असल्यासारखी च्युइंगमच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायला लागलीस. मीही काही कमी नाही. तुझं सामान संपलं तिथे सरकत्या पट्ट्यावर मी ती लाल पट्टी आडवी ठेवली, मुद्दाम जरा आवाज करून, आणि पलीकडे माझं सामान मांडलं. काउंटरला आपली तुफानबाई होती. तिचा हात सुटला की वस्तू अंगावर येतात म्हणून आईनंच ठेवलेलं ते नाव. तिनं तुझं सामान यंत्रावर वाजवलं आणि न थांबता माझंही वाजवलं. दोघींचं मिळून एकच बिल. तू वळलीस, दोन वर्षांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलंस आणि तिला म्हणालीस, "हिलाच देऊन टाका सगळं." रिकामी पिशवी घेऊन ताडताड निघून गेलीस. मागे सहा माणसं उभी होती. त्यातल्या एका आजोबांनी मला विचारलं, "सून का?"

घरी आले ती धुमसतच. बिलाच्या तळाशी छापलेलं असतं ना, आजचा आपला अनुभव कसा होता, जरूर कळवा? मी कळवला. तीस वर्षं ऑफिसात खरमरीत पत्रं लिहिलेला हात माझा, तो काय थांबतोय. निष्काळजी, कामात लक्ष नाही, गिऱ्हाइकाचा चारचौघांत अपमान, असं दीड पान झालं. लिहून झाल्यावर मला छान भूकसुद्धा लागली.

मंगळवारी दुकानाच्या मॅनेजरचा फोन आला. फारच गोड बोलला. म्हणाला, चूक झाली हे तिनं कबूल केलंय, आणि तिच्याविरुद्धची ही तिसरी तक्रार. पहिली, ती सामान फार जोरात ढकलते. दुसरी, ती म्हाताऱ्यांशी गप्पा मारत रांग अडवते. तिला काउंटरवरून काढून मागे गोदामात टाकलंय, ठेवायचं की नाही ते महिनाअखेर ठरेल. मी फोन ठेवला आणि मला एकदम आईची अंडी आठवली. आपण तिघी जायचो तेव्हा आईला काउंटरपाशी पोचायला किती वेळ लागायचा, तू एका बाजूनं धरायचीस, मी दुसऱ्या. तेव्हा हीच तुफानबाई हात आवरायची, एकेक वस्तू हळू वाजवायची, अंडी शेवटी ठेवायची आणि आईच्या गुडघ्यांची चौकशी करायची. मागच्यांनी कुरकुर केली तर त्यांनाच डोळे वटारायची. त्या दुसऱ्या तक्रारीतली म्हातारी कदाचित आपलीच असेल.

बुधवारी मी गेले. ती मागच्या बाजूला रिकामी खोकी चपटी करत बसली होती. मला वाटलं, आता ही मला फाडून खाणार. तर तिनं एक खोकं उलटं करून मला बसायला दिलं. म्हणाली, "ताई, चूक नव्हती ती. पट्टी मीच काढली. तुम्ही शनिवारी दहाला येता, त्या अकराला. दोन वर्षं बघतेय. त्या दिवशी एकदम दिसलात, म्हटलं बघू." मी विचारलं, मग मॅनेजरला चूक झाली असं का सांगितलंस? तर म्हणते, "तुमच्या घरातलं मी कशाला बाहेर सांगू?" आणि पुन्हा खोकी चपटी करायला लागली. मला तोंड कुठे लपवू असं झालं.

मग तिनं मला बिल नीट वाचलं का म्हणून विचारलं. तू तर पाहिलंच नाहीस, म्हणून सांगते. त्यात एक ओळ आहे: साबण, दोन नग. एक तुझा, एक माझा, आईचा तो पिवळा. लहानपणी त्या वासाला नाक मुरडून आपण दोघी न्हाणीघरातून पळायचो. मला वाटत होतं, या वयात तो साबण आणून कपाटात नुसता ठेवणारी वेडी मी एकटीच आहे.

आता जिन्यातलं. आई गेली त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात, सगळ्या नातेवाइकांसमोर मी म्हणाले की तू आईला आणायला उशीर केलास. तू उशीर केला नव्हतास. त्या आठवड्यात तू मला तीनदा फोन केलास आणि तिन्ही वेळा मी पुढच्या रविवारी येते म्हणाले. ते मला टोचत होतं आणि मी ते उचलून तुझ्या गळ्यात बांधलं. माझं चुकलं. त्याआधीची दोन वर्षं आईला तू उचललंस, पुसलंस, भरवलंस आणि बोलणारी मी. मला माफ कर असं लिहायलाही लाज वाटते, तरी लिहिते.

आता हे पत्र कशासाठी ते. मॅनेजर म्हणतो, तक्रार मागे घेता येईल, पण त्या बिलात गिऱ्हाइकं दोन होती, तेव्हा सही दोघींची हवी, समक्ष येऊन. शनिवारी दहाला मी तिथे असेन. तू आली नाहीस तरी मी त्याला खरं सांगणार आहे, आणि ते तुला आधी सांगते. तुफानबाईनं पट्टी उचलली ते मी पाहिलं होतं. उचलून तिनं क्षणभर हात थांबवला आणि मला विचारल्यासारखं माझ्याकडे बघितलं. मी पिशवीची घडी उलगडत बसले. मला वाटलं, बिल एक झालं की तुला माझ्याशी बोलावंच लागेल. तू निघून गेलीस, त्याचा राग मी त्या बिचारीवर काढला. शनिवारी रांगेत मी पुढे उभी राहीन, तू मागे राहा. पट्टी ठेवायची की नाही, ते या वेळी तू ठरव.

तुझीच, अंडी खाणारी,
ताई