वरच्या रांगेतला हात

प्रिय अनघा,

तुझ्या मेसेजला मी नुसता अंगठा पाठवला, म्हणून हे पत्र. "बाबा, त्या दिवशी तुम्ही वरून हात केलात, तो मी जन्मभर विसरणार नाही," असं तू लिहिलंस. त्या हाताबद्दलच लिहायचं आहे. फोन करता आला असता, पण फोनवर माझं काय होतं तेही यात येईलच. मराठी वाचायला तुला वेळ लागतो. सावकाश वाच.

आपली ती सहल ठरवून झाली नव्हती, आणि त्याला कारण माझीच चूक. जहाज दुरुस्तीला ग्रीसमध्ये, पिरियसजवळच्या ड्रायडॉकमध्ये, मी सिंगापूरहून कामावर देखरेख करायला आलेला, आणि ग्रीकांचा ईस्टर तुमच्या हॅम्बुर्गच्या ईस्टरनंतर येतो ही गोष्ट माझ्या वेळापत्रकातून सुटली. क्रेनवाला गावी, सर्व्हेयर गावी, डॉकच्या फाटकाला कुलूप. मला भेटायला म्हणून आलेली तू हसत सुटलीस, आणि आपल्या सिंगापुरी थाटात म्हणालीस, "कॅन लाह, बाबा! गाडी घेऊ आणि निघू."

तू गाडी चालवत होतीस आणि मी तुला चालवत होतो. कोरिंथच्या कालव्यावरच्या पुलावर उभं राहून मी आपल्या जहाजाची रुंदी सांगितली आणि ते इथून का जाणार नाही हेही. मायसीनीला सिंहाच्या दरवाजाखाली तू भिंतीच्या फटीतल्या तांबड्या फुलांचे फोटो काढत होतीस, तर मी तुला हाताला धरून वरची त्रिकोणी पोकळी दाखवली. तिच्यामुळे भिंतीचं वजन तुळईवर न येता दोन्ही बाजूंना जातं. हे मी कुठल्या कॉलेजात शिकलो नाही, वाचून शिकलो, असं शेजारच्या गाइडलाही ऐकवलं. पुढे संत्र्यांच्या बागा लागल्या. तू काच खाली केलीस, मोहराचा वास गाडीभर झाला, आणि तू म्हणालीस, "बाबा, थोडा वेळ काहीच सांगू नका ना." मी जेमतेम पुढच्या वळणापर्यंत गप्प बसलो.

नाफ्लिओला धक्क्यावर जेवताना खानावळीचा आचारी बाहेर येऊन ऑक्टोपस कसा झालाय म्हणून विचारून गेला. तेव्हा आपल्या जहाजावरच्या आचाऱ्याचा विषय काढून तू हळूच म्हणालीस, "निहारच्या हातचं तुम्हाला आवडतं ना?" मी म्हणालो, "हाताला चव आहे पोराच्या. पण जहाजाच्या स्वयंपाकघरातला, गॅलीतला माणूस गॅलीतच शोभतो. ऑफिसरांच्या टेबलाशी तो वाढायला येतो, बसायला नाही." तू काटा खाली ठेवलास आणि समुद्राकडे पाहत राहिलीस. मला वाटलं, तुझं पोट भरलं.

तुझी हॅम्बुर्गची नोकरी सुरू व्हायच्या आधीच्या गणपतीत जहाज इथे सिंगापूरला नांगरलेलं होतं, आणि निहार आपल्या सेरंगूनच्या घरी आला होता. आईबरोबर बसून त्याने मोदक वळले. आईच्या कळ्या सुटत होत्या, त्याची एकही नाही. जेवायची वेळ झाली तेव्हा त्याच्याबरोबर आलेल्या थर्ड इंजिनियरला मी माझ्या शेजारी बसवलं, आणि निहारला ताट ओट्यापाशी दिलं. तू आपलं ताट उचलून ओट्यापाशी गेलीस, तेही मी पाहिलं होतं. हे करणारा मी कोण? इंजिनरूम पुसायला चिंध्या आणि तेलाचा डबा घेऊन जहाजावर चढलेला माणूस.

मग एपिडॉरस. ते प्राचीन दगडी नाट्यगृह, खालचा बारीक आवाजही वरच्या रांगेपर्यंत पोचतो म्हणून प्रसिद्ध, आणि मी लगेच प्रयोग मांडला. मी सगळ्यात वरच्या रांगेत जाणार, तू खाली मधल्या गोल दगडावर उभी राहणार. आधी काडी पेटवायची, मग बोलायचं. काय बोलू, असं तू विचारलंस. मी म्हणालो, "काहीही बोल, पण मराठीत, म्हणजे मधे दुसरं कुणी बोललं तरी गोंधळ नको. आवाज चढवायचा नाही. ऐकू आलं की मी हात वर करीन."

वर पोचेपर्यंत मला धाप लागली. शेजारी एक म्हातारं जोडपं बसलं होतं. तू काडी ओढलीस आणि ती दोघं लहान मुलांसारखी टाळ्या पिटू लागली. मला काही ऐकू आलं नाही, अनघा. त्यांच्याकडे बघून मी हात वर केला. नंतर तू बोलू लागलीस. तुझे हात आधी पिवळ्या जाकिटाच्या खिशात होते, मग बाहेर आले. एखादं वाक्य असेल म्हणून मी वाट पाहिली, पण तू बोलतच होतीस. शेजारची ती बाई, तिला मराठीचा गंध नाही, ती तुझ्यावरचे डोळे काढून माझ्याकडे बघू लागली. तुझे ओठ थांबले, तेव्हा मी पुन्हा हात वर केला. चांगला ताठ, क्रेनवाल्याला इशारा करतात तसा. तू दोन्ही हातांनी तोंड झाकलंस. मला वाटलं, डोळ्यांवर ऊन आलं.

खाली आल्यावर तू मला मिठी मारलीस. एर्मिओनीपर्यंत गाणी म्हणत गाडी चालवलीस. बंदरावर संध्याकाळी तू विचारलंस, "बाबा, शुअर ना?" शब्द कळले, पण कशाबद्दल ते कळलं नाही. मासळीबद्दल असेल असं धरून मी म्हणालो, "शंभर टक्के." फोनवरही मी तुला असाच 'हो, हो' म्हणत आलोय.

परवा आई नारळ खवता खवता म्हणाली, "निहारच्या आईवडिलांना लग्नाची बोलणी करायला गुहागरहून कधी बोलवू या?" मी म्हणालो, "कशाला?" तिने खवणी थांबवली, माझ्या तोंडाकडे पाहिलं. "तुम्हाला ऐकूच आलं नव्हतं, अहो." दुसऱ्या दिवशी तिने मला नोव्हेनाला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवतात, कानात बारीक आवाज सोडतात, आला की बटण दाबायचं. मी तिथेही अंदाजाने दाबत सुटलो. शेवटी ती तपासणारी मुलगी दार उघडून आत आली आणि फार मऊपणे म्हणाली, "अंकल, ऐकू येईल तेव्हाच दाबा हं." एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

इंजिनाची घरघर मला अजून ऐकू येते. गळतात ते बारीक आवाज, तुझ्यासारखे. स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून मी बेअरिंगचा दोष सांगायचो, पोरं बघत राहायची, आणि त्या मिजाशीत इंजिनरूममध्ये कानांवर लावायचे इअरमफ कायम गळ्यात लटकवलेले. घरी येऊन मी शोधाशोधही केली. काडीचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही, असं काही शास्त्रज्ञांनी म्हटलंय. वाचून हायसं वाटलं. मग त्या म्हाताऱ्यांच्या टाळ्या आठवल्या, आणि तू काडी नव्हे, माणूस होतीस.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. ऐकू आलं असतं तर त्या दिवशी मी हात वर केला नसता. ओरडलो असतो, आणि ते मात्र खालपर्यंत स्पष्ट ऐकू आलं असतं. म्हणून तो होकार मी परत घेतो आहे. तो खोटा होता, त्याच्या भरवशावर काही ठरवू नकोस. आईने सगळं सांगितलंय, पण ते मी तुझ्याकडून ऐकलं असं धरत नाही. शुक्रवारी कानाची यंत्रं मिळतील. निहारचं जहाज पुढच्या महिन्यात इथे लागतंय. त्याला मी स्वतः जेवायला बोलावतो, माझ्या शेजारी टेबलाशी. तूही ये. आपल्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत एका टोकाला मी उभा राहीन, दुसऱ्या टोकाला तू, आणि तिथे जे बोललीस ते सगळं पुन्हा बोल, मराठीतच, आवाज न चढवता. हात वर होईलच असं वचन आज देत नाही, कारण तसं न ऐकता देऊन झालंय एकदा. मधे बोलणार नाही. आणि नाही ऐकू आलं, तर तसं सांगेन.

हात खाली ठेवून वाट पाहणारा,
तुझाच बाबा