लेक येईपर्यंत

मंगळवार, ४ तारीख

लंबूचा पाय मुरगळलेला नाही. हाडाचा कॅन्सर आहे, छातीतही पोचलाय. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे दिव्यासमोर धरला — "हाड आतून पोखरलंय. गोळ्यांनी दुखणं थांबेल, थोडे दिवस बरे जातील. पण धावू द्यायचं नाही. एक झेप घेतली तरी पाय मोडेल. मग माझ्याही हातात काही राहणार नाही."

ग्रेहाउंड कुत्र्याला धावू नको म्हणायचं! ही जात नाकाने नाही, डोळ्यांनी शिकार करते. काही हललेलं दिसलं की पाय आधी सुटतात, अक्कल मागून येते.

बुधवार, ५

खिडक्यांना कागद चिकटवले, त्याच्या डोळ्यांच्या उंचीपर्यंत. मांजर नको, पाखरू नको, पोस्टमनची सायकल नको. हे म्हणाले, "घराचं गोदाम केलंस." होऊ दे गोदाम. अंगणात पट्टा लावूनच नेते.

गोळ्यांनी लंगडणं जवळजवळ थांबलंय. तेच वाईट. त्याला वाटतंय, आपण बरे झालो.

गुरुवार, ६

लेकीचा फोन. कुत्रा खरं तर तिचा. शर्यतीतून काढून टाकलेला, नुसता सापळा — तिनेच हट्टाने घरी आणला. मग ती शिकायला गेली आणि हे धूड आमच्या गळ्यात पडलं. आता त्याच्यावाचून माझं पान हलत नाही.

"लंगडतोय थोडा," एवढंच सांगितलं. उद्या तिचा शेवटचा पेपर, परवा ती येणारच आहे. हे चिडले — "सांगून टाक सगळं. कुक्कुलं बाळ आहे का ती?" पेपर होऊ दे, म्हटलं. आत्तापासून कशाला तिचा जीव टांगणीला लावायचा?

शुक्रवार, ७

उघड्या डोळ्यांनी झोपतो मेला. सारखी वाकून बघते, श्वास चालू आहे ना. मला रडू आलं की उठून येतो आणि सगळा भार माझ्यावर टाकून उभा राहतो. मग आणखीच रडू येतं.

एवढा एक दिवस निघू दे. तिची भेट होऊ दे.

शनिवार, ८

सांगितलेल्या वेळेच्या आधीच आली. मी त्याला अंगणात आणलं होतं. तिने फाटकातूनच हात पसरले, हाक मारली — नेहमी मारते तशी. माझ्या हातातून पट्टा कधी गेला, कळलंच नाही. काय धावला! अर्ध्या अंगणात पाय मोडला. त्याचं ओरडणं लिहिवत नाही.

डॉक्टरीणबाई इंजेक्शन घेऊन घरीच आल्या. लेकीच्या मांडीवर डोकं ठेवून गेला.

रविवार, ९

ती उठायच्या आत ह्यांनी सगळे कागद खरवडून काढले. कॅन्सरचं तिला काल कळलंय. डॉक्टरीणबाई जास्त काही बोलल्या नाहीत.

चहा घेताना तिने विचारलं, "आई, त्याला धावू देऊ नका, असं कुणी सांगितलं होतं का गं?"

मी नाही म्हटलं. तिने ह्यांच्याकडे पाहिलं. हेही नाही म्हणाले.